एकेक काठी

मंजू पुण्याला एका एन्झाइमवर संशोधन करायची. शरीरात शत्रू शिरला की पांढरी पेशी पेटते. हे एन्झाइम तिला वेळेत शांत करतं, नाहीतर ती आपल्याच अंगावर उठते. मंजू मानोरा गावाजवळच्या आपल्या तांड्यावर आली, त्याच दुपारी “चोर!” म्हणत कुणीतरी थाळी बडवली. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कुलूपबंद घरापाशी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला माणूस दिसलेला. काठ्यांनी त्याला घेरलं. गलक्यात त्याचं ऐकतो कोण? मंजूच्या आईनं आवाज ओळखला. ती ओरडली नाही. गर्दीत घुसली आणि एकेकाच्या हातातली काठी काढून घेत गेली. मग दुपट्टा सोडला. “आपलाच बादल हाय, तापानं ऊसतोडीवरून वापस घरी आला.” मंजू पाहतच राहिली. तिचं एन्झाइमही पेशीत असंच एकेका प्रथिनावरचा पेटण्याचा इशारा उतरवतं. आईनं काठ्या तिच्याकडे दिल्या. “ज्याच्या त्याले देऊन ये. उद्या खरा चोर आला तं?”