मेलेल्याचं काम

कारखान्यातल्या आगीच्या मॉक ड्रिलमध्ये फिटरला मेलेल्याचं काम मिळालं होतं. कपाळाला लाल रंग फासून तो अर्धा तास जिन्याखाली पडून राहिला, मग उठून, पँट झटकून परत कामाला लागला.

महिन्याभराने फेसबुकवर युद्धावरून हमरीतुमरी चालली होती आणि त्यात त्याचाच फोटो फिरत होता. "शत्रूने मारलेला निष्पाप कामगार!" पुरावा मागेल त्याच्या तोंडावर तो फोटो फेकत होता फिटरचाच सख्खा भाऊ. फिटरला शिसारी आली. त्याने तडक फोन लावला.

"दादा, डोळे फुटले का तुझे? हा मी आहे, मी!"



"अरे, तुला ओळखणार नाही होय मी? पण समोरच्यांची बोलती कशी बंद झालीय बघ. आता दोन दिवस मेलेलाच राहा ना, माझ्या राजा!"