वाळवी न लागणारं लाकूड

लाकडाला वाळवीचं औषध पाजणारा कारखाना बंद पडला, पण विष मातीत राहिलं. तिथली माती उपसून झाली, तशी ते काम करणाऱ्या लेकीनं जेसीबी थेट आईच्या परसात आणला. वडिलांनी हयातीत कारखान्यातलेच ओंडके हौसेनं आणून इथल्या वाफ्याभोवती रचले होते. तपासणीत इथल्या मातीतही तेच विष निघालं होतं. आई मात्र ओंडक्यावर ठाण मांडून बसली. “तुझ्या बाबांच्या हातचं आहे. मी नाही उठायची.” लेक जेसीबी बंद करून शेजारी टेकली. “बाबा काय म्हणायचे या ओंडक्यांबद्दल?” “वाळवी तोंडसुद्धा लावणार नाही म्हणायचे.” “आणि आपण इथलेच टोमॅटो खात आलो, आई.” नातीसाठी तोडलेला लालबुंद टोमॅटो आईनं हातात फिरवून पाहिला, जेसीबीच्या बकेटमध्ये टाकला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. “चांगलं खोल खण. अर्धवट काम त्यांना खपायचं नाही.”