संपादकांचं ‘आम्ही’

थोरल्याची रीतच तशी. आईला चार ओळी वाचून दाखवायच्या आणि वर ‘कळलं ना?’ असं विचारायचं, जसं काही तिच्या कानात बूच बसवलंय.

आज तो आपल्या मासिकाचा इतिहास वाचत होता. संध्याकाळी पुस्तक छापायला जायचं होतं आणि रविवारी सभागृहात त्याचा सत्कार. मासिक बंद पडून वर्षं लोटली, तरी त्याचा आवाज असा चढला की पुढच्या दुकानात सायकलचं चाक सरळ करणाऱ्या धाकट्याने हातातलं काम थांबवलं.

“सरकारने आमच्यावर खटला भरला. आम्ही तुरुंगात गेलो. आम्ही डगमगलो नाही.”

“थांब,” आई म्हणाली. “आम्ही म्हणजे कोण कोण?”

“अगं, संपादक स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. ‘आम्ही’ लिहायची पद्धत असते.”

“बरी पद्धत आहे. मग जेलात त्या ‘आम्ही’तला एकटाच कसा पोचला? तू तर तेव्हा सरकारी कॉलेजात शिकवत होतास. डबा मीच भरून देत होते.”

थोरल्याने चष्मा काढून पुसला. “लेख माझे होते, आई.”

“आणि खाली प्रकाशक म्हणून नाव या धाकट्याचं, तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. पोलीस आले ते खालचं नाव वाचून. मासिक चाललं याच्या दुकानावर, मार खाल्ला यानेच. याचं नाव कुठल्या पानावर आहे?”

“‘सहकाऱ्यांनी साथ दिली’ असं आहे की शेवटी. आता नाव घातलं तर लोक विचारतील, तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“विचारू देत की.”

“राहू दे गं, आई,” धाकटा दारात येऊन म्हणाला. त्याचा उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता. पाना डाव्या हातात होता. “दादाचा सत्कार तोंडावर आलाय. कशाला उगाच.”

थोरल्याला तेवढंच हवं होतं. “बघ, त्याचं स्वतःचंच काही म्हणणं नाही.” त्याने कागद पिशवीत भरले. एक ओळही बदलली नाही. “रविवारी तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायला सांगितलीय. येशील ना?”

आईने त्याच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

“तुला थोरला म्हणतात ते आधी जन्मलास म्हणून,” ती म्हणाली. “थोर म्हणून नाही.”