बसका नाद

धाकटीचं लग्न झालं त्याच वर्षी अप्पांनी जाणूनबुजून खोटी नाणी विकत घ्यायला सुरुवात केली.

चाळीस वर्षं त्यांनी चांदीची नाणी जमवली आणि एकदाही फसले नाहीत. पण कान बायकोचा. अप्पा बाहेरच्या खोलीत नाणं बोटाच्या टोकावर तोलून त्याला पेन्सिलीने टिचकी मारत. नाद लांबला, की ती स्वयंपाकघरात गप्प राही. बसका निघाला, की आतून म्हणे, "परत करा हो ते."

ती गेली आणि घर गप्प झालं. खऱ्या नाण्यांनी तर ते जास्तच गप्प वाटायचं.

"अप्पा, हे शिशाचं आहे. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल," नाणेवाला म्हणाला.

"म्हणून तर मागतोय."

रोज दुपारी ते एकेक खोटं नाणं वाजवत आणि आतल्या दाराकडे कान देऊन बसत. वर्षभरात आतून काही म्हणून आलं नाही.

एकदा धाकटी चार दिवस राहायला आली होती. दुपारी ती शेजारी पेपर वाचत बसली. अप्पांनी टिचकी मारली. नाद बसका निघाला. अप्पांनी वाट पाहिली, आणि पुन्हा टिचकी मारली.

"पुरे की अप्पा," पेपरातून डोकं वर न काढता धाकटी म्हणाली. "आई मघापासून सांगतेय ना, परत करा म्हणून. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

अप्पांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

धाकटीची आई तिच्या लग्नानंतर सतराव्या दिवशी गेली, दुपारी तीन वाजता.