नाकासमोर

लष्कराच्या लिलावातून घेतलेला जुना ट्रक अठरा वर्षं डावीकडे ओढत होता आणि ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरत होता. शेवटी खांदा कामातून गेला. वाकलेला पुढचा अ‍ॅक्सल बदलून बघायचा, नाहीतर ट्रक भंगारात द्यायचा, असं ठरलं. तीन दिवस तो आणि त्याची बायको राबले. तो गाडीखाली, ती जॅकवर. चौथ्या दिवशी त्यानं मोकळ्या मैदानात ट्रक काढला, तर तो थेट उजवीकडच्या कुंपणाकडे निघाला. त्यानं करकचून ब्रेक दाबला. “मेहनत पाण्यात गेली. बोलव भंगारवाल्याला.” शेजारी बसलेली बायको त्याच्या हातांकडे बघत होती. “अहो, ट्रक नाही, तुम्ही ओढताय. हात सोडून चालवा बघू.” त्यानं गिअर टाकला, श्वास रोखला आणि हात मांडीवर ठेवले. ट्रक नाकासमोर चालू लागला. त्याचे डोळे भरून आले. “अहो, आता धरा, कुंपण आलं!”