पाठमोरी

"रिमोट माझ्या हातात राहील," आई म्हणाली. "तरच बसते."

बाबांनी निमूटपणे रिमोट तिच्या हातात दिला आणि डिस्क आत सरकवली. सिनेमाची डीव्हीडी नुकतीच बाजारात आली होती. थिएटरात आईनं तो अर्धासुद्धा पाहिला नव्हता. पडद्यावर बर्फाच्या कड्यावरून नायिकेचा पाय निसटला, तशी ती ताडकन उभी राहून "अगं, धर!" असं किंचाळली होती, आणि उरलेला सिनेमा तिनं बाहेरच्या बाकावर बसून काढला होता.

ती काही नायिकेसाठी किंचाळली नव्हती. चेहरा नायिकेचा असला, तरी कड्यावर चढणारी, दोराला लोंबकळणारी, बर्फात गाडली जाणारी ती सगळी खारूच होती. त्यांची मुलगी. हिरॉईनची डुप्लिकेट.

खारू आत्ता सोफ्याच्या कडेवर अवघडून बसली होती. दिग्दर्शकांचा फोन येऊन गेला होता; ते तिनं फक्त बाबांच्या कानावर घातलं होतं. पुढचा सिनेमा तयार होता, डोंगर तयार होता, फक्त तिचा होकार हवा होता. मागच्या खेपेला आईनं 'जा' म्हटलं नव्हतं आणि 'जाऊ नको'ही म्हटलं नव्हतं. नुसती आठवडाभर भांडी आपटली होती. तसं पुन्हा निघायचं नाही, असं खारूनं मनाशी ठरवलं होतं.

सिनेमा सुरू झाला. दोघी मैत्रिणी डोंगरावर निघाल्या, वादळ आलं, एकीचा पाय मोडला. तिला तंबूत ठेवून दुसरी मदत आणायला एकटीच खाली निघाली. कॅमेरा मागे गेला आणि खारूची पाठ दिसायला लागली.

"टोपी का नाही घातलीस?" आईनं विचारलं.

"हिरॉईनचे केस दिसायला हवेत ना, आई."

"केस तिचे आणि सर्दी तुला."

मग तो कडा आला. पाय निसटला. एका हातात बर्फात रुतलेली कुऱ्हाड, दुसरा हात हवेत. आईनं बटण दाबलं. टीव्हीवर खारू जागच्या जागी थिजली. आई उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

"अगं, पोरगी लटकलीय इथं," बाबा ओरडले, "आणि तू कुठं निघालीस?"

"चहा टाकते. लटकू दे. मी म्हणेपर्यंत पडत नाही ती."

खारू तिच्या मागोमाग गेली. आई पातेल्यात बघत उभी होती. चमचा हातातच होता.

"आई, दोर होते. दोन-दोन. नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकतात."

"मला दिसले नाहीत."

"कुणालाच दिसत नाहीत."

आईनं साखर घातली. "भीती वाटली होती का? खरं सांग."

"पहिल्यांदा वाटली." खारूनं ओट्यावरचे कप पुढे सरकवले. "दिग्दर्शक म्हणाले, झालं, मिळाला शॉट. मीच म्हटलं, अजून एकदा करू."

"का?"

"मजा आली, आई."

आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात चहा उतू गेला आणि दोघी एकदमच गॅसकडे धावल्या.

कप घेऊन आई परत जागेवर बसली. पदार्थात मीठ कमी पडलंय का बघावं, तसं तिनं टीव्हीकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि बटण दाबलं. खारू घसरली, आपटली, भिरभिरली, आणि खालच्या कपारीत तिची बोटं रुतली. धरलं. आई किंचाळली नाही. तिनं सिनेमा मागे घेतला. खारू उलटी उडत पुन्हा वर गेली. पुन्हा घसरली. पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा आईच्या तोंडून आपोआप निघालं, "शाब्बास!"

"आता पुढं जाऊ दे," बाबा म्हणाले. "ती बिचारी पाय मोडून पडलीय तिकडे."

"पडू दे थोडा वेळ," म्हणत आईनं चौथ्यांदा मागे घेतलं.

शेवटी एकदाचा डोंगर संपला. अंधूक दिवा, एक झोपडी. कॅमेरा समोर आला आणि नायिकेचा चेहरा दिसला. गालावर एकच टपोरा अश्रू.

"ही बाई आत्ता उगवली होय!" आई म्हणाली.

बाबा हसता हसता खोकायला लागले. आईनं रिमोट मांडीवर ठेवला.

"पुढचा डोंगर याच्याहून उंच आहे?"

खारूनं बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे बघायला लागले.

"त्यांच्या पोटात काही राहतं का?" आई म्हणाली. "उंच आहे का ते सांग."

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"बराच."

आईनं कपातला शेवटचा घोट घेतला. "चढायच्या आधी मला फोन करू नकोस. उतरलीस की कर."

खारूनं आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं, तोच दाराची घंटा वाजली. शेजारच्या काकू होत्या.

"काय चाललंय? मघापासून कुणीतरी आदळतंय, ओरडतंय. सगळं ठीक आहे ना?"

"या, या, बरं झालं आलात!" आईनं त्यांना हाताला धरून आत ओढलं, सोफ्यावर बसवलं आणि सिनेमा भराभरा मागे नेला. पांढराशुभ्र कडा आला, त्यावर मुंगीएवढी एक आकृती. काकूंनी उशी छातीशी घट्ट धरली. आई उठून टीव्हीजवळ गेली आणि तिनं काचेवर बोट टेकवलं.

"तोंडाचं सोडा. ही पाठ दिसतेय ना? ही आमची."