बाहेरची बाजू

दाजींनी होडीच्या कुशीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. सुनीताने श्वास रोखून धरला. लेकीच्या दहावीच्या निकालालासुद्धा ती एवढी घाबरली नव्हती.

उंडीबेटाच्या धक्क्यावर निम्मं गाव गोळा झालं होतं. निम्मं म्हणजे वीस-पंचवीस माणसं. पनवेलच्या खाडीतून एक नवरा-बायको स्वतःच्या शिडाच्या होडीने बेटं बघत निघालेत, हे करंजा बंदरातून सकाळीच फोनवर कळलं होतं, त्यामुळे चहाचं आधण चुलीवर होतं. पाहुण्यांचं कौतुक सगळ्यांना होतं. होडीचं मात्र कुणाच्या तोंडावर दिसत नव्हतं.

"कोनी बांधली?" दाजींनी विचारलं. पंच्याहत्तरीचे दाजी बेटावरचे सगळ्यात जुने तांडेल. कुठली होडी धक्क्याला कुठे लागेल, हे आजही त्यांच्याच शब्दाने ठरायचं.

"आम्हीच," सुनीताचा नवरा उदयसिंह म्हणाला. "रोडपालीला. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये."

धक्क्यावर हशा पिकला. हा हशा सुनीताला पाठ होता. सहा वर्षं सोसायटीने या होडीला कपाट म्हटलं होतं. "वहिनी, कपाट पाण्यात कधी पडणार?" साताऱ्याकडचा माणूस, सगळी नोकरी बँकेत गेली, आणि हा होडी बांधतोय! बरं, बांधून झाली तर ती गेटातून बाहेर निघेना. शेवटी गेटाचा एक खांब पाडून, वर पदरचा नवा उभा करून द्यावा लागला होता. साळुंकी असं सुरेख नाव रंगवलं, तरी कपाट ते कपाटच राहिलं.

दाजी हसले नाहीत. होडीच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ते फळ्यांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवत गेले. मध्येच थांबले, परत मागे आले.

"सांध्यांत कापूस कोनी भरला?"

"मी," सुनीता म्हणाली. कापूस ठोकताना हातोडी लागून गेलेलं तिच्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच होतं. तिने तो अंगठा उगाचच मुठीत लपवला.

"हं," दाजी म्हणाले. बस, एवढंच. आणि त्यांनी दक्षिणेकडे पाहिलं.

तिकडे आभाळ काळवंडलं होतं. पाण्याचा रंगही बदलला होता. "वारा येतोय. आज तुमी कुठं जात नाय," दाजींनी पाहुण्यांना सांगितलं, आणि धक्क्यावर एकदम धावपळ सुरू झाली. उंडीबेटाचा धक्का एवढासा. वारा उठला की गावच्या सहाही होड्या एकमेकींना खेटून, मध्ये जुने टायर टाकून बांधायच्या. पहिली धक्क्याला, दुसरी पहिलीला, अशी थेट समुद्राच्या अंगापर्यंत रांग.

"आपली आत घेतील," उदयसिंह हळूच म्हणाला. "पाहुणे आहोत आपण."

दाजींनी हात वर केला. "साळुंकी बाहेर लावा. सगल्यांच्या बाहेर."

सुनीताची कानशिलं तापली. कपाट म्हणणाऱ्यांना ती निदान उलट हसून दाखवायची. इथे तिला हसू येईना. उदयसिंहने दंड धरला तरी ती पुढे झालीच.

"दाजी, होडी पसंत नसेल तर तोंडावर सांगा. दारात आलेल्या पाहुण्याला असं बाहेर ठेवतात होय?"

दाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिची भाषाच त्यांना कळली नव्हती. मग गर्दीतून दाजींची बायको गोदू चहाची किटली घेऊन आली. ती तोंडाला पदर लावून खुदुखुदू हसत होती.

"अगो बाय, बाहेरच्या होडीवर पयली लाट येते. ती टिकली तं आतल्या सगल्या टिकतात. जिच्यावर भरवसा, ती बाहेर." गोदूने किटलीनेच रांगेच्या शेवटाकडे खूण केली. "बारा वर्सं झाली, तितं फकस्त ह्यांची होडी लागते. दुसऱ्या कोनाची नाय."

सुनीताने तिकडे पाहिलं. दाजी तोवर तिथे जाऊन स्वतःच्या होडीचा दोर सोडत होते. दोन माणसांनी ती मागे ओढली, साळुंकी वळवून तिच्या जागेवर घेतली, आणि दाजींची होडी साळुंकीच्या आतल्या अंगाला, आडोशाला आणली. मग धक्क्यावर परत येऊन दाजींनी साळुंकीच्या दोराचं टोक उदयसिंहने पुढे केलेल्या हातात दिलं नाही. ते त्यांनी सुनीतापुढे धरलं.

"बांध, बाय."

तिने बांधलं. वाकडं नख सगळ्यांना दिसत होतं, आणि आता तिला ते लपवावंसंही वाटत नव्हतं. गाठ तिने दोनदा तपासली.

थोड्याच वेळात वारा आला. पहिली मोठी लाट उसळून आली आणि साळुंकीच्या कुशीवर, दाजींनी टकटक केली होती तिथेच, धाडकन आपटली. सुनीता आणि उदयसिंह दोघंही धक्क्याच्या कडेला धावले. साळुंकी उचलली गेली, खाली आली आणि पुन्हा आपल्या जागी ताठ उभी राहिली. आतल्या होड्या नुसत्या डुलल्या.

सुनीताने दाजींकडे वळून पाहिलं. ते होड्यांकडे पाठ करून बसले होते आणि बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालत होते.